पोलादी छर्रा पाण्यावर तरंगतो का? घरच्या घरी घनता काढायची पद्धत

परवा रविवारी भाचा वही घेऊन घरी आला. नववीत आहे, शाळेतून प्रकल्प दिला होता की घरातल्या पाच वस्तूंची घनता काढून आणा, आणि मी नागपूरजवळ हिंगण्याला एमआयडीसीत क्वालिटीत काम करतो म्हणून ताईने सरळ माझ्याकडे पिटाळला, मोजमापाचं काही निघालं की आमच्या घरात मामाच आठवतो. वही उघडली तर पहिल्याच ओळीत बेअरिंगचा छर्रा, वस्तुमान ६७ ग्रॅम, घनता ०.९८. म्हटलं अबे, पाण्याची घनता १ असते, तुझा छर्रा ०.९८ म्हणजे फुटाळा तलावात टाकला तर बदकासारखा तरंगत जाईल ना. तो बघतच राहिला. "पण मामा, भागाकार बरोबर आहे, कॅल्क्युलेटरवर केला!"

भागाकार खरंच बरोबर होता. गडबड त्याच्या आधी झाली होती, आणि घनतेच्या गणितात ती बहुतेक वेळा आधीच झालेली असते. त्याने छर्र्याचा व्यास २.५४ सेमी मोजला, तोही नीट मोजला, आणि मग सूत्रात त्रिज्येच्या जागी तोच आकडा ठोकून दिला. गोलाच्या सूत्रात त्रिज्येचा घन येतो, त्रिज्या दुप्पट घेतली की आकारमान आठपट होतं, म्हणजे घनता आठव्या हिश्शावर आली. ०.९८ ला आठने गुणा, ७.८ येतं, जे पोलादाचं बरोब्बर असतं. म्हणजे पोराने सगळं केलं होतं, फक्त २ ने भागायचं राहिलं होतं.

त्या दिवशी दुपारभर बसून आम्ही सगळ्या वस्तू नव्याने मोजल्या, तेच इथे लिहून राहिलो, कोणाच्या पोराला कामी येईल. दहावी-बारावीवाल्यांनाही चालेल, आणि ज्यांचं भंगाराचं, सळईचं किंवा लाकडाचं काम आहे त्यांनाही.

सूत्र एका ओळीचं आहे. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. वस्तू किती ग्रॅमची आणि तिने जागा किती घन सेंटिमीटर अडवली, एवढंच. एका घन सेंटिमीटरच्या डबीत किती ग्रॅम माल ठासून बसला आहे असं डोळ्यापुढे आणलं की ते डोक्यात राहतं. नियमित आकाराची वस्तू असेल, म्हणजे ठोकळा, दांडा, गोळा, चकती, तर पाण्यात बुडवाबुडवी करायची गरज नाही, पट्टीने मोजून आकारमान निघतं. म्हणून तर नियमित वस्तूपासून सुरुवात करतात.

मोजायला बसायच्या आधी एक काम करा, वस्तू हातात घ्या आणि उत्तर किती येईल याचा अंदाज वहीत पेन्सिलीने लिहून ठेवा. हे कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त हेच वाचवतं. त्यासाठी दहा-बारा आकडे तोंडपाठ असले की बस. पाणी १, बर्फ ०.९२, मेणबत्तीचं मेण ०.९ च्या आसपास, सागवान साधारण ०.६ ते ०.७, काच २.५, संगमरवर आणि अल्युमिनियम दोन्ही २.७, बीड (ओतीव लोखंड) ७.२, पोलाद ७.८५, पितळ ८.४ ते ८.७, तांबं ८.९६, चांदी १०.५, शिसं ११.३, सोनं १९.३. हे सगळं ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये. आता तुमच्या लोखंडाच्या तुकड्याचं उत्तर २ किंवा ६० आलं तर पान उलटायच्या आधीच कळेल की कुठेतरी शेण खाल्लंय.

आता वजन, हे सोपं आहे म्हणून पटकन उरकतो. (शास्त्राच्या भाषेत वस्तुमान म्हणा, वहीत वस्तुमानच लिहा, नाहीतर मॅडम अर्धा मार्क कापतात, पण काटा ग्रॅममध्ये जे दाखवतो तेच आपल्याला पाहिजे.) घरातला किचनचा डिजिटल काटा १ ग्रॅमपर्यंत दाखवतो. सपाट ओट्यावर ठेवा, पाय डुगडुगत असेल तर खाली कागदाची घडी द्या, चालू करून शून्य आला का बघा, वाटीत ठेवून मोजणार असाल तर वाटी ठेवून आधी शून्य करून घ्या. सोनाराकडचा नाजूक काटा कोणाकडून मिळाला तर कूलर बंद करा. थट्टा करत नाही, मे महिन्यात आपल्याकडे कूलर थेट तोंडावर सोडलेला असतो आणि त्या वाऱ्याने काट्याचे शेवटचे दोन आकडे नुसते नाचत राहतात, सराफ लोक काटा काचेच्या पेटीत ठेवतात ते काही शोभेसाठी नाही.

वस्तू हलकी असेल तर मात्र किचनचा काटा दगा देतो. काचेचा एक कंचा ५ ग्रॅमचा, त्यात काटा १ ग्रॅम इकडेतिकडे झाला तर २० टक्के चूक तिथेच. उपाय जुनाच आहे, एकसारखे १० कंचे एकत्र मोजा. आमचे दहा मिळून ५३ ग्रॅम भरले, आता १ ग्रॅमची चूक दोन टक्क्यांच्याही आत आली. आणि हेच दहा कंचे दोन जाड पुस्तकांच्या मधल्या फटीत एका रांगेत चिकटून लावले, दोन्ही टोकांना काडेपेटी उभी केली आणि मधलं अंतर पट्टीने मोजलं, १६ सेमी आलं. म्हणजे एकाचा व्यास १.६ सेमी, त्रिज्या ०.८. गोलाचं आकारमान चार तृतीयांश गुणिले पाय (π, म्हणजे ३.१४) गुणिले त्रिज्येचा घन, ०.८ चा घन ०.५१२, एकाचं आकारमान २.१४ घन सेमी, दहांचं २१.४. भागाकार केला ५३ भागिले २१.४, उत्तर २.४८. काचेचं २.५ असतं. ना व्हर्निअर (वस्तू जबड्यात धरून बारीक माप घ्यायचं साधन) ना काही, पट्टी आणि दोन पुस्तकं. भाचा इथे पहिल्यांदा खुश झाला.

ठोकळा

पुस्तकात याला इष्टिकाचिती म्हणतात आणि पोरं या शब्दाला घाबरतात, पण इष्टिका म्हणजे वीट, विटेच्या आकाराचा तो इष्टिकाचिती, झालं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची.

लकडगंजातून आणलेला सागवानाचा एक तुकडा घरात पडून होता, कपाट करताना उरलेला. वजन १६० ग्रॅम. भाच्याने पट्टी लावली आणि एकदाच मोजून मोकळा झाला. मी म्हटलं, थांब, हा आरा मशीनवर कापलेला आहे, रंधा मारलेला नाही, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असणार. तीन जागी मोजला तर जाडी ४.१, ४.० आणि ३.९ निघाली. सरासरी ४.०. रुंदी ६.१, लांबी १०.२. गुणाकार २४८.९ घन सेमी, आणि १६० भागिले २४८.९ म्हणजे ०.६४. सागवानाच्या रांगेत बसलं.

त्याने एकच टोक मोजून ४.१ धरलं असतं तर उत्तर अडीच टक्के हललं असतं. लांबीत तेवढाच १ मिलिमीटर चुकला असता तर एकच टक्का. म्हणून सगळ्यात छोटं माप सगळ्यात जपून घ्यायचं, हे लक्षात ठेवा. पोरं नेमकं उलटं करतात, लांबी चार वेळा मोजतात आणि जाडी डोळ्याने बघून लिहितात.

पट्टीबद्दल दोन गोष्टी. कंपासपेटीतली पट्टी शून्याच्या टोकाला घासलेली असते किंवा दाताने चावलेली असते, म्हणून १ च्या खुणेपासून मोजा आणि आलेल्या आकड्यातून १ वजा करा. (वजा करायला विसरू नका, भाचा एकदा विसरलाच.) आणि डोळा खुणेच्या बरोब्बर वर पाहिजे, तिरकं पाहिलं की १ मिलिमीटर इकडचा तिकडे होतो.

लाकडाचं अजून एक, ते हवेतलं पाणी पितं. पावसाळ्यात आणि मे महिन्यात एकाच तुकड्याची घनता वेगळी येऊ शकते, आपल्याकडे उन्हाळ्यात दारं सैल होतात आणि जुलैत अडकतात ते यामुळेच. म्हणून लाकडाच्या उत्तराखाली महिना लिहून ठेवला तर शहाणपणाचं दिसतं. कोणी विचारेल की मग ४५ डिग्रीत लोखंडही फुगत असेल, तर हो फुगतं, पण २० डिग्रीवरून ४५ वर गेलं तरी पोलादाचं आकारमान ०.०९ टक्के वाढतं, म्हणजे हजारात एकही नाही. आपल्या पट्टीला ते दिसणारच नाही, तेव्हा उन्हावर बिल फाडू नका.

खरी वीटही मोजली. आमच्याकडे कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख असल्यामुळे राखेच्या विटा जिकडे तिकडे मिळतात, शेजारी बांधकाम चालू आहे तिथून एक मागून आणली. २३ बाय १० बाय ७.५ सेमी, म्हणजे १७२५ घन सेमी, वजन २९६० ग्रॅम, घनता १.७२. दोन ठिकाणी फसायला होतं. एक म्हणजे काही विटांना मधे खाच असते, तिचं आकारमान वेगळं काढून वजा करावं लागतं, म्हणून सपाट वीट शोधा. दुसरं म्हणजे ओली वीट आणू नका, बांधकामावर पाणी मारलेलं असतं आणि वीट ते पिऊन बसते, बाहेरचं माप तेच राहतं आणि वजन वाढतं. आणि ही जी १.७२ आली ती विटेची घनता, तिच्यातल्या बारीक पोकळ्यांसकट. आतल्या निव्वळ मालाची घनता यापेक्षा जास्त असते.

दांडा आणि चकती

दांडा काय नि चकती काय, पुस्तकात दोघांना वृत्तचिती म्हणतात. तिचं आकारमान पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची. इथे व्यासाला त्रिज्या समजलात तर चारपट फटका बसतो. आमच्याकडे पितळेचा एक दांडा होता, व्यास १.२ सेमी, लांबी १० सेमी, वजन ९६ ग्रॅम. त्रिज्या ०.६, वर्ग ०.३६, पाय आणि लांबीने गुणून ११.३ घन सेमी, घनता ८.५. पितळ. त्रिज्येऐवजी व्यास टाकला असता तर २.१ आली असती, म्हणजे पितळ अल्युमिनियमपेक्षा हलकं. म्हणून मी भाच्याला सवय लावून दिली, वहीत व्यास लिहिला की त्याच क्षणी बाजूला त्रिज्या लिहायची आणि व्यासावर काट मारायची, पुढे सूत्रात तो दिसलाच नाही पाहिजे.

व्हर्निअर नसेल तर गोल दांड्याचा व्यास पट्टी आडवी धरून मोजू नका, तो नेहमी चुकतो कारण नेमका मधला जाड भाग कुठे आहे हे कळत नाही. कागदाची बारीक पट्टी कापा, दांड्याभोवती घट्ट गुंडाळा, जिथे एकावर एक येते तिथे टाचणीने दोन्ही थरांतून भोक पाडा, पट्टी उलगडून दोन भोकांतलं अंतर मोजा. तो परीघ झाला, ३.१४ ने भागला की व्यास. या दांड्याचा परीघ ३.८ सेमी आला, भागून १.२१. वाईट नाही. दोरा गुंडाळला तरी चालतो, पण दोरा ताणला जातो आणि त्याची स्वतःची जाडी मोजमापात शिरते, कागद बरा.

मग भाच्याने डोकं चालवलं आणि म्हणाला नाणं पण चकतीच आहे ना, त्याची काढू. हाव ना, म्हटलं काढ. ₹ चं चिन्ह असलेलं १ रुपयाचं नाणं, २०११ पासून निघालेलं, सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचं. (अलीकडची छोटी २० मिलिमीटरवाली त्यात मिसळू नका, एकत्र चळत लावली की लगेच दिसतात.) अशी १० नाणी रचली, चळतीची उंची १४.५ मिलिमीटर, वजन ३८ ग्रॅम. त्रिज्या १.१ सेमी, आकारमान ५.५ घन सेमी, घनता ६.९.

हे नाणं स्टेनलेस स्टीलचं असतं, त्याची घनता ७.७ च्या आसपास पाहिजे. पोराने तीन वेळा मोजलं, तीनही वेळा ६.९. "मामा, काहून येत नाही?" मी त्याला म्हटलं, नाणं बोटांत धर आणि काठावरून अंगठा फिरव. काठ उंच असतो, मधला भाग खोलगट, म्हणजे चळत रचली की काठावर काठ टेकतो आणि प्रत्येक दोन नाण्यांमध्ये हवेची एक पातळ चकती अडकते. आपण ती हवाही आकारमानात धरली, म्हणून घनता दहा टक्के कमी आली. मोजमाप बरोबर, काटा बरोबर, फक्त वस्तू वाटते तेवढी नियमित नाही. मला विचाराल तर संपूर्ण प्रकल्पात हाच भाग सगळ्यात भारी झाला, आणि मी त्याला सांगितलं की ७.७ लिहू नकोस, ६.९ च लिही आणि खाली कारण लिही.

पोकळ पाइप असेल तर बाहेरच्या व्यासाने आकारमान काढा, आतल्या व्यासाने काढा, वजा करा. पाइपच्या तोंडाशी कापताना आलेली धार असते तिला कानसने साफ करा, नाहीतर आतलं माप कमी येतं.

सळईवाल्यांचं सूत्र

आता जे बांधकामावर आहेत त्यांनी हे ऐकलेलंच असेल, सळईच्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. १२ एमएमची सळई, १४४ भागिले १६२, ०.८९ किलो. सगळे पाठ करतात, हा १६२ कुठून आला ते कोणी सांगत नाही. तो घनतेतूनच आला आहे. पोलादाची घनता ७८५० किलो प्रति घन मीटर, सळई म्हणजे एक लांब वृत्तचिती, तिचं क्षेत्रफळ पाय भागिले ४ गुणिले व्यासाचा वर्ग, व्यास मिलिमीटरमध्ये असल्यामुळे त्याचे चौरस मीटर करताना दहा लाखाने भागायचं, सगळं एकत्र केलं की व्यासाच्या वर्गाला ०.००६१६५ ने गुणायचं उरतं, आणि १ भागिले ०.००६१६५ म्हणजे १६२. संपलं.

याचा उलटा उपयोग जास्त कामाचा. सळईला बाहेरून आढ्या असतात, तिचा व्यास कॅलिपरने मोजला तर आढीवर वेगळा आणि खाचेत वेगळा, म्हणजे ती नियमित वस्तूच नाही. मग काय करतात, एक मीटरचा तुकडा कापून वजन करतात, घनता ७८५० धरतात आणि त्यावरून खरं क्षेत्रफळ काढतात. १२ एमएमच्या नावाखाली दिलेल्या सळईचा मीटरभर तुकडा ०.७५ किलोच भरला तर ती ११ एमएमची निघते. एकदा घराच्या स्लॅबच्या वेळी आम्हीच असं मोजलं होतं आणि गाडी परत पाठवली होती.

लाकूडवाल्यांसाठी पण तेच. लकडगंजात माल घनफुटात मिळतो, एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, आपला ०.६४ घनतेचा सागवान घनफुटाला साधारण १८ किलो. ऑटोवर किती लादायचं ते आधीच कळतं.

एककांमध्ये पोरं कशी बुडतात

ग्रॅम प्रति घन सेमीवरून किलो प्रति घन मीटर करायला १००० ने गुणायचं. ०.६४ चे ६४०, ७.८५ चे ७८५०. भाच्याने १०० ने गुणलं होतं, कारण १ मीटर म्हणजे १०० सेमी. पण घन मीटर म्हणजे १०० गुणिले १०० गुणिले १००, दहा लाख घन सेमी, आणि किलो म्हणजे १००० ग्रॅम, दहा लाखाला हजाराने भागलं की हजार उरतात. एकदा कागदावर करून बघा, मग पाठ करायची गरज नाही. मिलिमीटरमध्ये मोजलं असेल तर सूत्रात टाकायच्या आधीच सेमी करून घ्या, आकारमान काढून झाल्यावर नाही, कारण तेव्हा १० ने नाही तर १००० ने भागावं लागतं आणि तिथे सगळे चुकतात. इंच असेल तर आधी २.५४ ने गुणून सेमी करा, मग पुढे.

पुन्हा छर्रा

छर्रा आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला. गोळ्याला पट्टी चालत नाही, व्हर्निअर घ्या, शाळेच्या लॅबमध्ये असतं, एखाद्या लेथवाल्याकडे तर असतंच. आधी जबडे रिकामे बंद करून बघा, दोन्ही शून्य एका रेषेत येतात का. येत नसतील तर ती शून्यांक त्रुटी, सरकत्या पट्टीचा शून्य उजवीकडे सरकलेला असेल तर तेवढं माप दर वेळी वजा करायचं, डावीकडे असेल तर मिळवायचं. मग छर्रा जबड्यात धरा, हलका, आवळू नका. मुख्य पट्टीवर शून्याच्या डावीकडची शेवटची रेघ वाचा, आमची २.५ होती, आणि सरकत्या पट्टीवर कोणती रेघ वरच्या रेघेशी तंतोतंत जुळते ते बघा, आमची चौथी, म्हणजे २.५४ सेमी. छर्रा थोडा फिरवून अजून दोनदा मोजा.

त्रिज्या १.२७, घन २.०४८, आकारमान ८.५८ घन सेमी, ६७ भागिले ८.५८, घनता ७.८१. आता मी मुद्दाम भाच्याला पट्टीनेही मोजायला लावला, त्याला २.६ दिसलं. फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त, पण त्या २.६ वर आकारमान ९.२ येतं आणि घनता ७.२८, म्हणजे पोलादाचं थेट बीड झालं. व्यासात सव्वादोन टक्के चूक, घनतेत सात टक्के. घन असल्यामुळे चूक तिप्पट होऊन अंगावर येते, दांड्यात व्यासाची चूक दुप्पट होते, ठोकळ्यात प्रत्येक बाजूची एकेकदा लागते. म्हणून मी म्हणतो की वजनाच्या काट्यासाठी जेवढं रडता तेवढं व्यासासाठी रडा.

आणि उत्तर लिहिताना कॅल्क्युलेटरवर ७.८०८८५७८ दिसलं म्हणून सगळं उतरवू नका. पट्टीने दोन आकडे मोजलेत तर उत्तरातही दोनच शोभतात, व्हर्निअर असेल तर तीन. १ ग्रॅमच्या काट्यावर सात दशांश लिहिणारा पोरगा दिसला की मास्तरांना लगेच कळतं की याने विचार केलेला नाही.

सोन्याबद्दल कोणीतरी विचारणारच म्हणून सांगून टाकतो. १०० ग्रॅम चांदीची पट्टी साडेनऊ घन सेमी जागा घेते, १० ग्रॅम सोन्याचं बिस्कीट अर्ध्या घन सेमीपेक्षा जेमतेम जास्त. बिस्किटाची जाडी एवढी कमी असते की पट्टीने ते काम होतच नाही, आणि टंगस्टनची घनता १९.२५ असल्यामुळे नुसती घनता जुळली म्हणून माल खरा असंही म्हणता येत नाही. त्यासाठी इतवारीत सराफाकडे जा, घरी प्रयोग करू नका.

अजून एक वस्तू म्हणून भाच्याने फळांच्या टोपलीतून संत्रं उचललं, गोल आहे म्हणून. मी म्हटलं, बाप्पा, हे गोल दिसतं पण वर-खाली चपटं आहे, आणि आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल असते, साल आणि फोडी यांच्यात हवा भरलेली, त्यामुळे पाण्यात टाकलं तर तरंगतं. त्याची घनता पट्टीने काढशील तर नाण्यासारखंच होईल, फक्त जास्त वाईट. तीच गोष्ट मनसरच्या मँगनीजच्या दगडाची, हातात घेतला की दचकायला होतं एवढा जड, पण ना चौकोनी ना गोल. अशांना पाण्यात बुडवून सांडलेलं पाणी मोजावं लागतं, तो वेगळा विषय. त्याऐवजी संत्रा बर्फीची एक वडी घेतली, साडेतीन बाय साडेतीन बाय दीड सेमी, २२ ग्रॅम, घनता १.२. शाळेत नेऊन दाखव म्हटलं तर वडी मोजून झाल्या झाल्या पोटात गेली होती, वहीत "नमुना उपलब्ध नाही" असं लिहून आला.